खंडेश्वरापर्यंतची परीक्षा

आमच्या घरातली जावा विकायची ठरली होती. गिऱ्हाईकही सापडलं होतं. शेवटी बाबांनीच तोड काढली : "नांदगाव खंडेश्वरला जाऊन येऊ. गेली-आली तर ठेवायची, नाही तर देऊन टाकायची."

अमरावतीहून नांदगाव अवघं 35 किलोमीटर. पण गाडी म्हैसूरच्या कारखान्यातली. वयानं बाबांहून धाकटी आणि माझ्याहून थोरली.

आदल्या रात्री मी बाबांना सांगितलं, की या खेळाला मोठी परंपरा आहे. मोटारसायकल नवी होती, तेव्हा ती किती पळते यापेक्षा पोचते की नाही, हीच लोकांना शंका असे. म्हणून 1904 साली इंग्लंडात लंडन ते एडिंबरो अशी दौड सुरू झाली. त्याच डिसेंबरात आपल्याकडे मोटारी दिल्लीहून मुंबईला निघाल्या, त्याही भरवसा पाहण्यासाठीच. पुढे 1913 मध्ये कार्लाइलला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय परीक्षा भरली. जावाच्या माहेरच्या, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या स्वारांनी ती पुढे अनेकदा जिंकली. तिचे नियम पाहावेत! महत्त्वाच्या भागांवर आधीच खुणा, म्हणजे वाटेत ते बदलायला नकोत. दुरुस्ती स्वारानं स्वतः करायची, तीही जवळच्याच हत्यारांनी. उशीर झाला की गुण कापले. आमच्या परीक्षा विभागानंसुद्धा हेवा करावा.

बडनेरा मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी रानं, पऱ्हाटीला फुटलेली बोंडं, ओट्या बांधून वेचणीला लागलेल्या बाया. मी खुशीत होतो. तेवढ्यात गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली.

मी पाना काढला. बाबांनी तो हातातून घेतला.

"स्वार मी आहे," मी म्हटलं.

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

प्लग काळाठिक्कर. पेट्रोलात ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाचं हे जुनंच दुखणं. ऑइल पुरतं जळत नाही, काजळी धरते. बाबांनी पॉलिश पेपरनं प्लग घासला, फुंकला, बसवला. एक बैलगाडीवाला थांबला. "लोटून देऊ काय जी?"

"हात नका लावू!" बाबा ओरडले. बिचारा दोन पावलं मागे सरला. आमच्या वऱ्हाडात मदत नाकारणं म्हणजे भांडणच की!

शहात्तर वर्षांचे बाबा किक मारू लागले. पहिली फुकट. दुसरीला त्यांचा श्वास लागला. मी पुढे झालो, तर त्यांनी डोळ्यांनीच मागे सारलं. तिसरीला गाडी धडधडली. जावाची किक नि गियर एकाच दांडीवर. बाबांनी पायानंच ती वळवली आणि पहिला गियर टाकला. मी निमूट मागे बसलो.

खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ उन्हातही गार होतं. दर्शन झाल्यावर बाबा काळ्या दगडाला पाठ टेकून बराच वेळ बसले.

"उशिराचे किती गुण कापतात रे?"

मी उत्तर देणार, तोच गिऱ्हाइकाचा फोन आला. बाबांनी तो माझ्या हातून घेतला.

"अजून परतीचा पेपर व्हायचाय," ते म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.