आजी परसात खोली मोजते

जहाज बुडालं म्हटलं की आपल्याला वादळ आठवतं, नाहीतर टायटॅनिकचा हिमनग. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांच्या कुशीत स्कापा फ्लो नावाचा समुद्राचा बंदिस्त तुकडा आहे. तिथली जहाजं मात्र मुद्दाम बुडवलेली आहेत. पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीच्या ७४ युद्धनौका ब्रिटिशांनी तिथे अडकवून ठेवल्या होत्या. २१ जून १९१९ च्या सकाळी ब्रिटिश ताफा सरावाला बाहेर पडला आणि अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटरनं इशारा दिला. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तळाला गेलेली बरी, म्हणून खलाशांनी आपल्याच जहाजांच्या झडपा उघडल्या. संध्याकाळपर्यंत ५२ बुडाली. स्ट्रॉमनेसच्या शाळेची पोरं त्या दिवशी बोटीतून सहलीला निघाली होती. त्यांनी हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं.

मी शेवगाव तालुक्यातली. पोहायला शिकले ती चुलत्यांच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. नोकरीसाठी अ‍ॅबर्डीनला आले आणि इथे डायव्हिंगचा नाद लागला. गेल्या मे महिन्यात ‘क्योल्न’ या जर्मन क्रूझरवर उतरले, आणि घरी फोन केला तर आजीचा पहिला प्रश्न, “किती खोल गं?”

“पस्तीस मीटर.”

“परसात सांग.”

हिशेब केला. एकोणीस-वीस परस. आजी गप्पच झाली. आमची विहीर सात परस होती.

पाणी नऊ अंशांवर होतं. ड्रायसूटच्या आत लोकरीचे थर असतात, अंग कोरडं राहतं, पण ओठ आणि गाल उघडे. पहिल्या मिनिटाला कपाळ असं ठणकतं की वाटतं, परत जावं. दोर धरून उतरायचं. दर दहा मीटरला हवेचा एकेक दाब वाढत जातो, त्यामुळे पस्तीस मीटरवर प्रत्येक श्वास वरच्यापेक्षा साडेचारपट हवा खातो. डोकंही जरा जड होतं. नायट्रोजनची ती गुंगी दारूसारखी असते म्हणतात. मला ती दुपारच्या झोपेतून अर्धवट उठल्यासारखी वाटली.

मग हिरव्या अंधारातून एक भिंत पुढे आली. क्योल्न उजव्या कुशीवर आडवी झाली आहे. दीडशे मीटरहून लांब जहाज, म्हणून एका वेळी फक्त तुकडे दिसतात. डेक भिंतीसारखा उभा, दारं आडवी, सगळ्यावर पांढरी, मऊ समुद्रफुलं. एका दारातून आत टॉर्च मारला. गाळ आणि काळोख. आत गेले नाही, तसं आधीच ठरलं होतं. हवेचा आकडा ठरलेल्या खुणेवर आला तशी वर निघाले. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. तिथे मला सगळ्यात जास्त थंडी वाजली.

आजीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्या टाक्या घिऊन आपल्या गावात जाता यील का?”

आपलं गाव म्हणजे नाथसागरातलं. जायकवाडीचं उद्घाटन १९७६ साली झालं. गोदावरी मागे पसरत गेली आणि आजीचं सासर पाण्याखाली गेलं. धरणाची उंची ४१ मीटरच्या आसपास, म्हणजे आजीचं गाव क्योल्नपेक्षा उथळच असणार. खोलीची अडचण नाहीच. अडचण मातीची आहे. ती घरं पांढऱ्या मातीची, वर माळवद. असं घर पाण्यात टिकत नाही, विरघळून गाळ होतं. त्या गाळात हातभर लांबचंही दिसणार नाही.

आणि लाकूड? ते तर पाणी यायच्या आधीच लोकांनी काढून नेलं होतं. सर, चौकटी, दारं, बैलगाड्यांतून नव्या गावठाणात. आमच्या घराची चौकट तिथलीच आहे. स्कापातही हेच झालं. अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगारवाल्यानं १९२४ पासून एकेक जहाज वर काढून मोडीत विकलं. आता मोठी अशी सात उरलीत आणि २००१ पासून कायद्यानं संरक्षित आहेत. साधा खिळाही उचलायचा नाही. मला हे पटतं, आणि तरी आजीची चौकट आठवून थोडं खटकतं. फॉन रॉयटरनं निदान स्वतःची जहाजं बुडवली. आमच्या गावाला कुणी विचारलं होतं?

हे आजीला सांगितलं नाही. तिला तेवढंच सांगितलं, “दिसणार नाही गं काही.”

“दिसाया कशाला पायजे,” ती म्हणाली, “मला ठावं हाय.”

उडी मारायच्या आधी बोटीवर कप्तान फळ्यावर जहाजाचा नकाशा काढतो: तोफा इथे, दोर इथे. मी तशीच वही उघडली. आजी व्हिडिओ कॉलवर सांगत गेली, मी काढत गेले. वेशीतून आत आलं की डाव्या अंगाला चावडी, पुढं सुताराचं घर, मग आमचं, मागं लिंब. मारुतीच्या देवळापाशी ती अडली. बारव देवळाच्या अलीकडं की पलीकडं? बराच वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, पैठणला माझी धाकटी बहीण हाय, तिला इचारून सांगते.