उकळण्याआधी थांबावे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी मे महिन्यात ज्यांनी बोरघाट चढला आहे, त्यांना एक दृश्य चांगलेच आठवत असेल. वळणावर एखादी फियाट किंवा अँबेसिडर उभी. बॉनेट वर केलेले, आतून वाफा निघताहेत. गृहस्थ हातात पाण्याचा डबा घेऊन उभे आणि मुले कठड्यावर बसून डब्यातल्या पुऱ्या खाताहेत. घाटात गाडी गरम व्हायचीच, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

आजच्या गाड्या सहसा अशा उकळत नाहीत, त्यामुळे थांबण्याची ती सवयही मोडली आहे. पण जुनी गाडी, त्यातही जुनी स्पोर्ट्स कार हौसेने सांभाळणाऱ्या घरांत हा प्रश्न दर उन्हाळ्यात दाराशी येऊन उभा राहतो आणि कधीकधी साऱ्या घराचाच पारा चढवतो.

पुण्यातल्या अशाच एका घरात दोन माणसांची, उघड्या टपाची एमजी टीडी आहे. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत या गाड्या तयार होत होत्या. इंजिन १२५० सीसीचे. आजोबांनी ती सेकंडहँड घेतली, वडिलांनी सांभाळली. वडील आता सत्तरी ओलांडलेले. गाडीचे पाणी, तेल, पॉलिश सारे स्वतः करायचे, कुणाला हात लावू द्यायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता.

एका एप्रिलमध्ये बापलेक या गाडीने पाचगणीला निघाले. निघता निघता ऊन चढले. वाई सोडून पसरणीचा घाट लागला आणि नंतर बसवून घेतलेला तापमानाचा काटा हळूहळू उजवीकडे सरकू लागला.

"बाबा, काटा बघा. जरा थांबू या का?"

"अरे, आलंच की पाचगणी. आणि एवढे लोक बघताहेत, त्यांच्यासमोर काय बॉनेट उघडून बसायचं?"

लोक खरोखरच बघत होते. मागच्या गाड्यांतून फोटोही काढले जात होते. अशा कौतुकात थांबणे वडिलांना जड गेले. दोन वळणांनंतर बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली, तेव्हा थांबावेच लागले. वडील घाईने उतरले आणि हातरुमाल धरून रेडिएटरचे झाकण उघडू लागले. मुलाने त्यांना मागे ओढायला हात पुढे केला आणि त्याच क्षणी उकळते पाणी उसळले. वडील वाचले, मुलाचा हात कोपरापर्यंत भाजला.

त्या रात्री घरात कुणी फारसे बोलले नाही. आई मात्र एकच वाक्य बोलली, "अहो, ती गाडी विकून टाका." वडिलांनी उत्तर दिले नाही. आठवडाभराने त्यांनी खरोखरच एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला निरोप धाडला. तो परत घ्यायला लावला तो हाताला पट्टी बांधलेल्या मुलानेच. "विकायची की नाही ते नंतर ठरवू," तो म्हणाला, "पण ती का तापते, ते तर आधी बघू या."

आणि ते बघितले, तेव्हा दोष गाडीत कमी आणि वागणुकीत जास्त निघाला.

रेडिएटरवाल्याने वरची टाकी उकलली. निम्म्याहून अधिक नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या होत्या. इंजिनच्या ब्लॉकची खालची तोटी उघडली, तर पाणीच येईना. तार घालून गाळ मोकळा करावा लागला. कारण अगदी घरगुती होते. वडील वर्षानुवर्षे मोठ्या निष्ठेने सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी भरत होते. ज्या जड पाण्याने गिझरमध्ये आणि चहाच्या भांड्यात खर धरते, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत काय करील?

दुसरे कारण हवेचे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. पाणी ८५ अंश आणि इंग्लंडमधली हवा २० अंश असेल, तर फरक ६५ अंशांचा. तीच गाडी ४२ अंशांच्या उन्हात आणली, की फरक उरतो ४३ अंशांचा. म्हणजे रेडिएटरची ताकद सुमारे एक तृतीयांश घटली. नागपूर-चंद्रपूरकडे किंवा दिल्ली-राजस्थानात पारा ४५ च्या वर जातो, तिथे ती आणखी घटणार.

तिसरे कारण उंचीचे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही, आणखी तापते. नंतरच्या गाड्यांत रेडिएटरचे झाकण नेमके हेच काम करते. टीडीच्या रेडिएटरला असे दाब धरणारे झाकण नाही. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, तर पाचगणीला सुमारे ९६ अंशांनाच. म्हणजे घाटात इंजिनवर भार वाढत जातो आणि सवलत मात्र कमी होत जाते.

अशा गाडीला नवे काही बसवण्याआधी तिचे दुखणे ओळखावे. गाडी सिग्नलला, गर्दीत उभी असताना तापत असेल, तर हवा कमी पडते आहे. फॅनबेल्ट सैल आहे का, रेडिएटरची जाळी धूळ आणि किड्यांनी भरली आहे का, हे पाहावे. मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापत असेल, तर पाणी नीट फिरत नाही असे समजावे. नळ्या, वॉटर पंप आणि मऊ पडून आतल्या आत चिकटणारा होजपाइप तपासावा. टायमिंग मागे गेले असले तरी इंजिन तापते. थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला रस्त्यावर सर्रास मिळतो, पण काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून परस्पर फिरते आणि गाडी उलट जास्त तापते. कधी इंजिन ठीक असते आणि उन्हामुळे पेट्रोलचीच पंपात वाफ झालेली असते. तेव्हा गाडी आचके देत बंद पडते आणि थोडी निवली की आपोआप सुरू होते.

चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नये. खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनचे फेरे वाढतात आणि त्याबरोबर पंप व पंखाही जोरात फिरतात. काटा चढू लागला, की वाफ दिसण्याची वाट न पाहता सावलीत थांबावे. झाकणाला हात लावू नये. वरचा होजपाइप हातात सहज धरता येईल इतका निवेपर्यंत, निदान अर्धा तास, बसून राहावे. मग झाकणावर जाड फडके धरून, तोंड दूर ठेवून ते हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर बिडाचा ब्लॉक तडकू शकतो. इंजिन सुरू ठेवून, थोडे थोडे पाणी घालावे. या अर्ध्या तासाचा कंटाळा केला, तर हेड गॅस्केट जाते आणि गाडी गॅरेजमध्ये आठवडेच्या आठवडे पडून राहते.

त्या घरात गाडी विकली गेली नाही. रेडिएटरच्या नळ्यांतून सळया फिरवून त्या मोकळ्या केल्या, ब्लॉक धुतला, होजपाइप बदलले. बोअरवेलचे पाणी बंद झाले. आता क्षारमुक्त पाणी आणि कूलंट मापाने भरतात. पण खरा बदल वेगळाच आहे. उन्हाळ्यात गाडी पहाटे साडेपाचला निघते आणि नऊच्या आत परतते. शेजारच्या सीटवर पुष्कळदा आई असते. काटा नव्वदला गेला, की ती म्हणते, "अहो, थांबा," आणि वडील थांबतात. बॉनेट उघडतात, थर्मासमधला चहा ओततात. लोक जमतात, गाडी बिघडली का म्हणून विचारतात. "नाही, दमलीय जरा," वडील सांगतात. मुलाच्या हातावरचा डाग पुसट झाला असला, तरी त्यांची नजर तिकडे जातेच.

जुने यंत्र हट्टी असते असे लोक म्हणतात. खरे तर ते फार प्रामाणिक असते. काटा सरकवून, वास देऊन, आवाज बदलून ते आधी कितीतरी वेळा सांगते. चारचौघांत आपले काही अडले आहे, हे दिसू न देण्याचा हट्ट असतो तो माणसाचा, आणि त्याची झळ पुष्कळदा शेजारी बसलेल्याला लागते.