पूर्वेस विहीर

मुन्शीजींचा एक नियम होता. गिऱ्हाईक जागा बघून आलं असेल तर त्या जागेचं कौतुक ते ऐकून घेत नसत. "जागा आवडली की माणूस कागद वाचत नाही," म्हणायचे. औरंगाबादला, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो, अदालत रोडवरच्या एका दिवाणी वकिलांकडे त्यांची उभी हयात सर्च काढण्यात गेली होती. अहवालावर सही वकीलसाहेबांची, पण सहीच्या वरचं सगळं मुन्शीजींचं.

आम्ही जागा बघून आलोच होतो. करोना ओसरला होता, वाळूजची नोकरी टिकली होती आणि पैठण रोडवर चितेगावला प्लॉट घेऊन बांधायचं असं आमचं ठरलं होतं. एके काळी हे गाव व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे लोकांना माहीत होतं. आता पलीकडे बिडकीनचा औद्योगिक पट्टा आल्यापासून गुंठ्याचे भाव दर दिवाळीला बदलतात. पहिली जागा मुन्शीजींनी चहा संपायच्या आत नापास केली. जुन्या उर्दू नकलेवरच्या दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. जमीन खिदमतमाश, म्हणजे देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेलं इनाम. सेवा करणाऱ्यानं ती कसून खायची, विकायची नाही. एजंट तिच्यावर प्लॉट पाडून बसला होता. तो सौदा न झाल्याबद्दल मी आजही सकाळी उठून हात जोडावेत, इतकं ते देणं मोठं आहे.

दुसरी जागा रीतसर होती. एन.ए. आदेश, मंजूर रेखांकन, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1. एजंट म्हणाला, बँक लोन देतेय म्हणजे टायटल क्लिअर. मुन्शीजी म्हणाले, "बँक आपल्या पैशापुरतं बघते. तुम्हाला तर तिथं राहायचंय." सातबारा हा महसूल वसुलीचा कागद आहे, मालकीचा दाखला नव्हे, ही त्यांची घोकंपट्टी मी इतक्यांदा ऐकली की आता मीच ती इतरांना ऐकवतो. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, एवढंच कायदा सांगतो.

मग पैठणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध. 2002च्या पुढचं संगणकावर सापडतं, त्याआधीची सूची हाती उलटायची. काही पानं फाटलेली, काही सुटी. अशा वेळी अहवालात 'पाने जीर्ण' असं लिहून पुढं जाण्याची सर्रास पद्धत आहे. मुन्शीजी पुढं जात नसत. सूचीचं पान फाटलेलं असेल तर तलाठ्याकडे जाऊन त्याच वर्षांचे फेरफार काढायचे आणि दोन्ही शेजारी ठेवून ताळा घ्यायचे. मी विचारलं, तीसच वर्षं का? ते म्हणाले, खाजगी माणसाला ताबा मागायला बारा वर्षांची मुदत, गहाण सोडवायला तीस, सरकारला तीस. "पण ते तुमच्या पुण्या-नाशिकला. मराठवाड्यात खासऱ्यापर्यंत गेल्याशिवाय झोप लागत नाही."

खासरा म्हणजे 1954-55चं खासरा पत्रक. 1948च्या सप्टेंबरात निजामाची राजवट गेली, 1950 साली हैदराबादचा कूळ कायदा आला, 1954 साली इनामं खालसा करण्याचा. त्या धामधुमीत शेत कुणाच्या नावावर आणि कसतंय कोण, हे त्या पत्रकात उतरलं. मराठवाडा 1956च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात गेला, 1960 साली महाराष्ट्रात आला. शेत जागचं हललं नाही, पण त्याच्या कागदांनी बारा वर्षांत चार सरकारं बघितली. संरक्षित कुळाचं नाव त्या पत्रकात असेल आणि पुढं कुठं गायब झालं असेल, तर आज ना उद्या त्याचा नातू दारात उभा राहतो. आमच्या खासऱ्यात कूळ नव्हतं. विकणाऱ्यांचे आजोबाच मालक, तेच कसणारे. मला वाटलं, सुटलो.

मुन्शीजींचं बोट एका वारस फेरफारावर थांबलं. विकणाऱ्यांचे वडील सत्त्याऐंशीच्या सुमारास वारले, तेव्हाची नोंद. दोन मुलगे वारस म्हणून लागले होते. खाली तलाठ्याच्या घाईच्या अक्षरात एक ओळ होती, मुली विवाहित असून सासरी नांदतात. किती मुली, नावं काय, काही नाही.

"नांदू देत की," एजंट म्हणाला, "त्यांना साडीचोळी होतेच."

"साडीचोळीनं वाटा संपतो असं कुठल्या कलमात आहे?" मुन्शीजींनी विचारलं. 1956च्या वारसा कायद्यानं बापाच्या हिश्शात मुलगी वारस होतीच. 2005च्या दुरुस्तीनं तिला वडिलोपार्जितातही मुलाच्या बरोबरीला आणलं आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दलची उरलीसुरली शंका मिटवली. वाटा किती ते कोर्ट ठरवेल, पण शून्य नाही. बहिणी संमती देणार म्हणून खरेदीखतात येत नाहीत तोवर अहवालात 'निर्वेध' हा शब्द येणार नाही, असं त्यांनी वकीलसाहेबांनाही सांगून टाकलं. भाऊ चिडले, एजंट महिनाभर फोन उचलेना.

धाकटी बहीण वारलेली होती, तिची मुलं आली. थोरल्या आक्का गंगापूर तालुक्यातून मुलाबरोबर एसटीनं आल्या. निबंधक कार्यालयाच्या ओट्यावर मुन्शीजींनी त्यांना समोर बसवलं आणि अख्खं खरेदीखत मोठ्यानं वाचायला घेतलं. एजंट घड्याळ बघत होता. आक्का पदर तोंडाला लावून ऐकत होत्या, अधूनमधून मान डोलवत. चतुःसीमा आली. पूर्वेस गटाचे उर्वरित क्षेत्र, एवढं म्हणेपर्यंत त्यांनी हात वर केला.

"क्षेत्र कसलं? पूर्वेला विहीर हे. मह्या बापानं अन् चुलत्यानं मिळून खांदली. चुलत्याच्या लेकरांची तिच्यावर जायची वाट याच प्लॉटाच्या कडंनं जाती."

ती वाट रेखांकनात नव्हती, सातबाऱ्यात नव्हती, सूचीत तर नाहीच. मुन्शीजींनी खत मिटलं आणि विकणाऱ्यांकडे नुसतं बघितलं. थोरल्या भावानं मान खाली घातली. मग खत नव्यानं झालं, विहीर आली, वहिवाटीची पाच फुटांची पट्टी आली, भाव थोडा उतरला आणि बहिणींच्या हिश्शाचे धनादेश आक्कांच्या आणि धाकटीच्या मुलांच्या नावानं निघाले. अंगठ्याच्या वेळी मशीन आक्कांचा ठसा घेईना. आयुष्यभर खुरप्यानं रेषा पुसल्या होत्या. कारकुनानं कंटाळून तिसरं, चौथं बोट घेतलं तेव्हा कुठं जमलं.

बाहेर आल्यावर आक्का म्हणाल्या, "पैसा घेतला, आता माहेर तुटलं. पंचमीला कुठं जाऊ?" मुन्शीजींकडे प्रत्येक कलमाचं उत्तर असायचं. त्या प्रश्नावर ते चष्मा पुसत राहिले. माझी बायको म्हणाली, "आमच्याकडं या. जमीन तुमचीच होती की." अशा वेळी कुणीही बोलतं तसं ती बोलून गेली, असं मला वाटलं.

आक्का खरंच आल्या. भावांनी बोलणं टाकलं ते आजतागायत टाकलंय. त्यांच्याच अंगणापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या दारात दर नागपंचमीला आक्का पिशवीत ज्वारीच्या लाह्या घेऊन उतरतात. बायको त्यांना बांगड्या भरते. मुन्शीजींनी नजर अधू झाल्यावर काम सोडलं. अहवालाची ठरलेली फी तेवढी त्यांनी वकीलसाहेबांकडे भरायला लावली होती, वर काही दिलं तर परत करायचे. खासऱ्याच्या नकलेवर त्यांनी पेन्सिलीनं केलेली मराठी टिपणं मी खरेदीखताबरोबर जपून ठेवली आहेत.

गेल्या वर्षी शेजारच्या प्लॉटवाल्यानं कंपाउंड घालताना ती पाच फूट वाट आत घ्यायचा घाट घातला. मी खत काढून दाखवलं, तो वकिलाची भाषा करू लागला. त्या आठवड्यात पंचमी होती. आक्का त्याच्या पायासाठी खणलेल्या चरापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला त्याच्याच प्लॉटाचा इतिहास सांगायला लागल्या, बांधावरचं बाभळीचं झाड कुणी तोडलं इथपासून. अर्ध्या तासानं तो मला म्हणाला, या कोण तुमच्या?

"नणंद," बायको आतून म्हणाली.