खिशात न मावणारे चाकू

तिकिटं, नाणी, काडेपेटीचे छाप जमवणारे तुमच्यात पुष्कळ असतील. पण घडीचे चाकू जमवणारेही लोक आहेत, बरं का! स्वित्झर्लंडच्या सैनिकांना १८९१ साली असा चाकू मिळू लागला. बंदूक खोलायला पेचकस आणि डबे फोडायला पातं, दोन्ही त्यातच. म्हणजे जसं काम, तसा चाकूचा घाट.

आपल्याकडचा घाट बघायचाय? मग कसारा लोकल पकडा आणि आसनगावला उतरा. शेजारीच शहापूर. तिथून किन्हवली, सरळगाव करत मुरबाड तालुक्यात शिरा. वाटेत रानाकडे निघालेल्या माणसाच्या कमरेकडे नीट बघा. मागच्या बाजूला लाकडी आकडी बांधलेली आणि तिच्या खाचेत कोयता! दोन्ही हात मोकळे. झाडावर चढायचं तर हात मोकळे हवेतच ना?

चढायचं कशाला, तर राबासाठी. पावसाआधी शेताच्या एका तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळतात. मग तिथे भाताची रोपं वाढवतात. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायच्या. कोयत्याचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं आत वळलेलं असतं ते उगीच नाही. त्या बाकात फांदी अडकते, पातं निसटत नाही, आणि काटेरी डहाळी हात न लावता ओढता येते.

भात कापायचा विळा मात्र हलका, पातळ. काहींना करवतीसारखे दाते असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तर 'वैभव' नावाचा दातेरी विळा तयार केला. त्याने भात अगदी जमिनीलगत कापता येतो आणि धसकटात लपणाऱ्या खोडकिड्याची पंचाईत होते!

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या आणि शेतीची अवजारं यांची नुसती गर्दी. जमलं तर लोहाराचं कामही बघा. लालभडक पातं पाण्यात बुडालं की चर्रर्र! यालाच पातं पाजणं म्हणतात. ते जास्त कडक झालं तर धारेचा तुकडा उडतो, मऊ राहिलं तर धार वळते.

आता एक कोडं. संग्रहालयात तलवारी खूप, पण कोयते का नाहीत? अहो, तलवारी बराच काळ म्यानात राहिल्या, म्हणून टिकल्या. कोयता रोज राबतो, दगडावर घासला जातो, झिजतो आणि शेवटी भंगारात जातो. पणजोबांचा कोयता कसा होता, हे दाखवायला कोयताच उरत नाही!

पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांच्या संग्रहात दिवे आहेत तसे अडकित्तेही आहेत. अडकित्ता म्हणजे घडीच्या चाकूचा चुलतभाऊच की! लहानपणी गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला.

तुम्ही काय कराल? कोयते विकत घ्यायचे नाहीत हं! (आईबाबा, घाबरू नका.) घरातल्या मोठ्या माणसाला कोयता जाड कागदावर ठेवायला सांगा. कडेने पेन्सिलही त्यांनीच फिरवायची. तुम्ही फक्त शेजारी लिहा: गाव कुठलं, काम कोणतं, किती वर्षांचा, लोखंड कशाचं. पुष्कळदा उत्तर मिळेल, ट्रकच्या जुन्या पाट्याचं.

शहापूरकडच्या एका आजोबांनी मला असा कोयता काढून दिला. रेघ मारून झाल्यावर म्हणाले, "थांब पोरा, हा असा नव्हता." आणि पातं पूर्वी कुठपर्यंत होतं, ते त्यांनी बोटाने दाखवलं. मी तिथे तुटक रेघ मारली. दोन रेघांमध्ये चांगलं दीड बोट अंतर आहे. तिथे मी लिहिलंय, 'बावीस पावसाळे'.