क्रियापद नसलेली भाषा

भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड जडते. कोणताही मजकूर पुढे आला, की त्यात काय सांगितले आहे यापेक्षा ते कसे सांगितले आहे याकडेच त्याची नजर आधी जाते. औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, न्यायालयाची नोटीस असो की लग्नाची पत्रिका असो. कर्ता कोठे, कर्म कोठे, क्रियापद कोठे दडून बसले आहे, हे हुडकल्यावाचून त्याला चैन पडत नाही. या खोडीपायीच मी यंदा एका अशा मजकुरात गुंतलो, की ज्याच्याशी मराठीच्या प्राध्यापकाचा सुतराम संबंध नसावा. एका टॅबलेटच्या पोटातून काढलेला तो मजकूर होता. शेकडो ओळी वाचल्या आणि त्यांत एकही क्रियापद सापडले नाही!

त्या मजकुराला डिव्हाइस ट्री म्हणतात. तो कोणासाठी लिहितात, ते आधी सांगायला हवे. संगणकाच्या साऱ्या कारभाराच्या मुळाशी कर्नेल नावाची एक आज्ञावली असते. लष्करातल्या कर्नलशी तिचे नाते नाही. कर्नेल म्हणजे बियांतला गर, गाभा. पडदा, ध्वनी, स्पर्श, साठवण या सगळ्यांना कामाला लावणारा हा कारभारी. पण वाड्यात पाऊल ठेवताच या कारभाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की येथे माणसे आहेत तरी कोण कोण?

काही पाहुणे बोलके असतात. पेनड्राइव्ह खुपसा, कर्नेलने विचारताच तो आपल्या कंपनीचा क्रमांक आणि स्वतःचा क्रमांक सांगून मोकळा होतो. पण मोबाइल आणि टॅबलेट यांच्या आत बसलेली बहुतेक उपकरणे मुकी. १९८२ साली फिलिप्स कंपनीने काढलेली आयटूसी नावाची दोन तारांची वाट आजही सर्रास वापरात आहे. त्या तारांवर कोण बसले आहे हे तारांना विचारून कळत नाही. बरे, अंधारात चाचपून पाहावे, तर जेथे काहीच नाही अशा पत्त्यावर हात घातल्याने सगळे यंत्रच गोठण्याचा संभव. आणि तीन व्होल्टच्या भागाला पाच व्होल्ट दिले, तर तो भाग कायमचा जळायचा. तेव्हा कोणीतरी आधी सांगून ठेवणे भागच असते.

पूर्वी हे सांगणे कर्नेलच्या आज्ञावलीतच मिसळलेले असे. एआरएम जातीच्या चिपा वापरणारे प्रत्येक नवे यंत्र निघाले, की त्याच्यासाठी कर्नेलमध्ये आणखी एक फाईल घुसडायची. तिच्यात 'येथे अमुक आहे' आणि 'त्याचे तमुक करा' यांची खिचडी. यंत्रे वाढली, फायली वाढल्या, आणि एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या पायांत येऊ लागली. मार्च २०११ मध्ये लिनक्स कर्नेलचे जनक लिनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर अक्षरशः शिव्या देत तुटून पडले. शिव्यांना वाङ्मयात स्थान असावे की नसावे हा वाद बाजूला ठेवू; या शिव्या कामी आल्या एवढे खरे. उपाय मात्र नवा नव्हता. सन कंपनीच्या संगणकांत वापरात असलेल्या पद्धतीला १९९४ साली १२७५ क्रमांकाच्या मानकाचे रूप मिळाले होते, आणि पॉवरपीसी जातीच्या यंत्रांसाठी लिनक्सने २००५ सालापासून तिचे सुटसुटीत रूप स्वीकारले होते. वर्णन वेगळे काढायचे, कृती वेगळी ठेवायची. तेच आता एआरएमच्या घरी आले. २०१२ मध्ये लिनक्समध्ये ६४ बिटांच्या एआरएमचा प्रवेश झाला, तेव्हा जुन्या खिचडीला दारातच मज्जाव होता.

हे वर्णन दिसते कसे? आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखे. मूळ पुरुष, त्याच्या शाखा, शाखांच्या उपशाखा. प्रत्येक उपकरणाचे नाव, पत्ता, त्याने कोणाच्या मार्फत हाक मारायची, त्याला वीज कोण पुरवतो. मला सर्वांत मौज वाटली ती 'कम्पॅटिबल' या रकान्याची. आगगाडीत समोरचा गृहस्थ आपल्याला 'कुठले तुम्ही?' म्हणून विचारतो. आपण आधी गावाचे नाव सांगतो. त्याची मुद्रा कोरीच राहिली तर तालुका सांगतो, मग जिल्हा. येथेही तसेच. रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकाचे वर्णन आधी म्हणते, 'रास्पबेरी पाय, मॉडेल बी'. आणि तेवढ्याने ओळख पटली नाही तर पुढे म्हणते, 'ब्रॉडकॉम, बीसीएम २८३५'. खासगीकडून सर्वसाधारणाकडे. कर्नेलला यांतले जे नाव ओळखीचे निघेल, त्यावर सोयरीक जमते.

यास्काने निरुक्तात नाम आणि आख्यात यांचा भेद सांगताना नामात असण्याला प्राधान्य दिले आहे आणि आख्यातात होण्याला. हा भेद मी वर्गात कितीदा तरी सांगितला. पण नुसत्या नामांवर कोणी एवढा संसार उभा केला असेल, असे स्वप्नातही आले नव्हते. सात-बाराच्या उताऱ्यातला हा निव्वळ सात आहे. जमीन कोणाची, किती, ते सांगेल. पीक काय घेतले हा बाराचा मामला. पिकाचे इकडे ड्रायव्हर पाहून घेतात. नियमाला अपवाद म्हणून 'चोझन' नावाची एक फांदी तेवढी असते. तिच्यात सुरुवातीच्या वेळच्या आज्ञा ठेवतात. पण ती फांदी उपकरणाची नव्हेच, हे सगळे जाणतात.

हे सारे आमच्या गळ्यात पडले ते एका कपाटामुळे. महाविद्यालयाने २०१६ साली घेतलेले चोवीस टॅबलेट त्यात पडून होते. काचा शाबूत, बॅटऱ्या तासभर टिकणाऱ्या. पण कंपनीने त्यांच्याकडे पाठ फिरवलेली. माझ्या हाताखाली बारावीला मराठी शिकलेला आणि आता अभियंता झालेला एक विद्यार्थी भेटायला आला होता. त्याने एक टॅबलेट उघडून पाहिला.

"सर, यातली चिप आजच्या लिनक्सला चांगली ओळखीची आहे," तो म्हणाला. "फक्त हा टॅबलेट ओळखीचा नाही."

"म्हणजे अडले कशाने रे?"

"वर्णनाने. कंपनीने ते कधी बाहेर दिलेच नाही."

धडधाकट यंत्र, आणि केवळ त्याच्याविषयी कोणी चार नामे सांगत नाही म्हणून भंगार! मला याचा मनस्वी संताप आला. पण वर्णनाची एक प्रत टॅबलेटच्या पोटातच असते. ती त्याने बाहेर काढली आणि उलटी फिरवून पुन्हा अक्षरांत आणली. लिहिणाराच्या टीपा गळालेल्या, खुणेची नावे गेलेली, उरलेले दुवे नुसते आकडे. जुन्या पोथीचा पाठ लावावा तसे आम्ही दोन संध्याकाळी बसलो. तो आकडे वाची. तो आकडा आणखी कोठे आला आहे ते मी शोधी. लिहिणाराची लबाडी तेथेच उघडी पडली. कोणत्या तरी नमुना यंत्राचे वर्णन त्याने डोळे मिटून उतरवले होते. टॅबलेटला एकच कॅमेरा, वर्णनात दोन. आणि दोघांपुढेही 'ओके' असा शेरा! आमच्याकडे हजेरीपटावर असे होते, ते निदान अनुदानासाठी तरी होते.

खोटी नामे गाळली, खरी ठेवली. पडदा उजळला. पण बोट उजवीकडे टेकवले, की खूण डावीकडे उमटे. त्याने स्पर्शपटलाच्या फांदीत 'आडवा अक्ष उलटा' या अर्थाचे एक विशेषण घातले. त्याला किंमत नाही, आकडा नाही. ते तेथे असणे एवढेच त्याचे विधान. बोट आणि खूण एकत्र आले.

त्या चोविसांपैकी सात आज वाचनालयात आहेत. मुले त्यांवर जुन्या मासिकांचे अंक वाचतात. आवाज मात्र अजून लागलेला नाही, कारण ध्वनीच्या चिपेचे वर्णनातले नाव बहुधा त्या नमुना यंत्रातलेच आहे. खरे नाव चिपेच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असते म्हणे. गुरुवारी तो येणार आहे. मी एक भिंग आणून ठेवले आहे.