साठ पळांची घटका

शाळेत तिसापर्यंत पाढे होते. आमच्या घरी आजोबांना साठाचाही लागे. साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवस. ज्याला साठात मोजता येत नाही त्याने पत्रिकेला हात लावायचा नाही, असा दंडक. गोपाळ मंदिराच्या मागच्या गल्लीत आमचा वाडा. शिंदेशाहीत देशावरून उज्जैनला आलेली आणि इथेच मुरलेली जी मराठी घरं, त्यातलंच आमचं एक. ‘अपन’ आणि ‘आपण’ एकाच वाक्यात बोलणारं.

ओट्यावर आजोबांची बैठक. कुणी बाळाची जन्मवेळ घेऊन आलं की त्याला चहा मिळे आणि आम्हा पोरांना गणित. सूर्योदयापासून जन्मापर्यंत किती काळ गेला तो इष्टकाल, चोवीस मिनिटांची एक घटका या हिशेबाने. मग नक्षत्राचं भयात-भभोग, म्हणजे ते किती सरलं आणि एकूण किती, त्यावरून महादशेची शिल्लक. चुकलं की आजोबा आकडा खोडत नसत, अख्खी पाटी पुसायला लावत. त्या वेळी तो छळ वाटे. पण गणित करता करता कानावर बरंच पडे: कुणाची मुलगी माहेरी परत आली, कुणाचा धंदा बुडाला, आणि आजोबा त्यावर काय बोलले, काय बोलले नाहीत.

या गावाला आकडेमोडीचा जुना अभिमान. आपल्या ज्योतिषाची मध्यरेषा उज्जैनवरून जायची. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधली ती म्हणूनच. ती मोडकळीला आली तेव्हा १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी केली आणि पहिले अधीक्षक झाले आपले गोविंद सदाशिव आपटे. १९४२ पासून तिथून दर वर्षी ग्रहस्थितीचं पंचांग निघतं. आजोबांच्या हाताशी ते कायम असे. दात्यांचं सोलापूरचं पंचांगही असे, पण ते म्हणे ‘सणावारांसाठी’.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फ्रीगंजच्या टॉवरजवळ एका दुकानावर ‘कम्प्यूटर कुंडली’ची पाटी लागली. टिकटिकणाऱ्या प्रिंटरमधून कडेला भोकं असलेला कागद सरकत बाहेर येई. आमची पाटी तीन तास घेई ते यंत्र तीन मिनिटांत करी. शेजारचे बँकेतले काका तेव्हा युनियनबरोबर कम्प्यूटरविरुद्ध घोषणा देत होते. त्यांनी आजोबांना विचारलं, तुमचं काय होणार? आजोबांनी तो कागद मागवला, आमच्याकडून पुन्हा गणित करून घेतलं, आणि यंत्राचं बरोबर निघालं म्हटल्यावर खूश झाले. ‘आता पोरांनी चुकायचं कारण नाही,’ एवढंच म्हणाले. लोक दुकानातून कागद घेत आणि अर्थ विचारायला ओट्यावरच येत. गणित गेलं, ओटा राहिला. आमची मात्र सुट्टी झाली. तिचा आनंद मला पुढे कित्येक वर्षं पुरला.

(माणसांना रस्त्यावर आणायला यंत्राला हुशार असावं लागतं, हेही खरं नाही. इथली विनोद मिल नव्वदच्या दशकात बंद पडली ती बुद्धिमत्तेमुळे नव्हे. तिथल्या कामगारांना आपल्याच पैशांसाठी वीस वर्षांहून जास्त झगडावं लागलं. तेव्हा भविष्याची चिंता करणारे परिसंवाद कुणी भरवले नव्हते.)

आता फोनवरचं यंत्र गणित करतंच, वर बोलतंही. शुद्ध मराठीत, आर्जवाने, रात्री दोन वाजताही. मंगळ आहे का विचारा, आहे म्हणतं, उपाय सांगतं. परवा मंगळनाथाला गेलो. मंगळाचं जन्मस्थान इथलंच मानतात, म्हणून भातपूजेला महाराष्ट्रातूनही माणसं येतात. रांगेतल्या एका जोडप्याने पुरोहितांपुढे पत्रिका धरली ती फोनच्या पडद्यावर. पुरोहितांचं काम काही कमी झालेलं दिसलं नाही. पिंडीवर भात लिंपायला अजून हातच लागतात. ओट्यावर बसणारा तेवढा मधून उठला.

माझा स्वतःचा ज्योतिषावर विश्वास नाही, आजोबांच्या हयातीतही नव्हता. पण एक दुपार आठवते. एका बाईच्या मुलीला कडक मंगळ निघाला होता, मीच मांडला होता. आजोबांनी पत्रिका पाहिली, बाजूला ठेवली आणि विचारलं, मुलगा काय करतो? दारू पितो का? बाई रडायला लागल्या. मंगळाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. आजोबांचंही चुके, पण चुकलं तर तीच बाई चार महिन्यांनी त्याच ओट्यावर येऊन त्यांना जाब विचारू शकत होती. आणि हे सगळं शिकायची जागा म्हणजे ती पाटी होती. हलकं, कंटाळवाणं काम पोराकडे असतं म्हणून पोरगं तिथे बसतं. ते काम यंत्राला दिलं की आजोबांनंतर ओट्यावर कोण बसणार, याचं उत्तर कम्प्यूटर कुंडलीच्या वेळीच द्यायला हवं होतं. आम्ही सुट्टी घेतली.

पुतण्या इंदूरला सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर आहे. त्याच्या कंपनीत नवी पोरं घेणं थांबलंय, कारण नवी पोरं करायची ते काम आता यंत्र करतं. त्याला स्वतःचीही धाकधूक आहे. दिवाळीत आला तेव्हा त्याला वेधशाळेत नेलं. २०२४ मध्ये बसवलेलं तीस मुहूर्तांचं वैदिक घड्याळ त्याने फोटोपुरतं पाहिलं, पण सम्राट यंत्राच्या सावलीपाशी थांबला. सावलीची वेळ त्याच्या मनगटावरच्या वेळेशी जुळेना. फरक नोव्हेंबरच्या सुरुवातीला अकराएक मिनिटांचा असतो, फेब्रुवारीत चाळिशी गाठतो. कुठलं घड्याळ चुकतंय, त्याने विचारलं. म्हटलं, कुठलंच नाही.

घरी आल्यावर म्हणाला, मला इष्टकाल काढून दाखव. म्हटलं, तूच काढ. सूर्योदय ६ वाजून १२ मिनिटं, जन्म १० वाजून ५०. त्याने फोनवर २७८ ला २४ ने भागलं, ११.५८ आलं, आणि ठसक्यात सांगितलं, ‘अकरा घटका, अठ्ठावन्न पळं.’

‘चूक,’ मी म्हणालो.

त्याने पुन्हा भागलं. पुन्हा तेच आलं. मग फोन उलटा ठेवला आणि आईला हाक मारली, घरात कुठे पाटी आहे का म्हणून.