वेशीवरचा पहारेकरी

नाटकात राजा कोण आणि राणी कोण, हे नाटककार विचार करून ठरवितो. परंतु रंगभूमीवर येऊन 'महाराजांचा विजय असो' एवढेच म्हणून परत जाणारा सेवक कोण असावा, ह्याचा विचार त्याला क्वचितच करावा लागतो. म्हणून कर्त्याच्या मनाचा ठाव घ्यावयाचा असेल, तर नायकाकडे न पाहता ह्या निनावी मंडळींकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. नायक हे विचाराचे अपत्य असते. गर्दी ही सवयीचे.

हे मत पक्के झाले ते मात्र नाट्यगृहात नव्हे, तर आमच्या कन्येच्या संगणकासमोर. 'रोल-प्लेइंग गेम' ह्या नावाने तरुण मंडळींत प्रिय असलेल्या खेळांचा तिला मोठा नाद. खेळणाराने एक पात्र धारण करावे आणि राक्षस, चेटके व उडते अजगर ह्यांनी भरलेल्या अद्भुत राज्यात शेकडो माणसांशी बोलत, झुंजत, सौदे करीत हिंडावे, असा तो प्रकार. तिने धारण केलेली वीरांगना पराक्रमात कोणास हार जाणारी नव्हती. तरी एके दिवशी कन्येने सहज विचारले, "बाबा, ह्या गावात मी सोडून एकही बाई शस्त्र घेऊन उभी कशी नाही?" प्रश्न साधा होता, पण तो मनातून जाईना.

ह्या खेळांचा मूळपुरुष 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो कागद, फासे आणि कल्पना ह्यांवर चाले. त्याच्या १९७८ च्या नियमपुस्तकात योद्ध्याचे बळ अठराच्या पुढे शतांशांनी मोजीत; मानवी पुरुषास पूर्ण शंभरापर्यंत जाण्याची मुभा होती, मानवी स्त्रीस पन्नासाशी थांबावे लागे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम गेला. लिहिलेला नियम असा एका फटक्यासरशी खोडता येतो. जो कोणी लिहिलाच नाही, तो खोडावा कसा?

तो किती खोल रुजला आहे ह्याचा हिशेब ग्लासगो व कार्डिफ येथील विद्यापीठांतील संशोधकांनी २०२३ साली मांडला. १९८६ ते २०२० ह्या काळातील ५० खेळ आणि १३,००० हून अधिक पात्रे त्यांनी तपासली. पुरुषपात्रांच्या वाट्यास स्त्रीपात्रांच्या सुमारे दुप्पट बोलणे आलेले आढळले. स्त्रियांचे बोलणे अधिक, असे खेळ ५० पैकी अवघे तीन. ह्याचे एक कारण अगदी उघड आहे: मुळात स्त्रिया तेथे थोड्या.

ह्यावर 'पूर्वीचा काळच तसा होता' असे उत्तर ठरलेले असते. अजगराने आग ओकलेली ज्यांस खटकत नाही, त्यांस वेशीवरची स्त्री मात्र इतिहासविरुद्ध वाटते, ही मोठी मौज आहे. बरे, इतिहास तरी काय सांगतो? ज्या मध्ययुगीन युरोपाच्या नमुन्यावर ही राज्ये उभारतात, त्यातील पॅरिस शहरात तेराव्या शतकात एतिएन ब्वालो ह्याने धंद्यांचे नियम संकलित केले. त्यांत रेशीम कातणाऱ्या स्त्रियांचे संघ नोंदलेले आहेत. आणि पहाऱ्याचेच म्हणाल, तर कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुष्यंताच्या दारी उभी असलेली प्रतीहारी वेत्रवती ही स्त्रीच आहे, आणि त्याचे धनुष्य आणून देते ती यवनी. कवीला त्याचे समर्थन करावेसे वाटले नाही.

दुसरी अडचण खर्चाची. स्त्रीपात्रे घ्यावयाची म्हणजे देह निराळा, चाल निराळी, आवाज निराळा, चिलखताचा साचाही निराळा. हे खरे, परंतु पैसा अपुरा पडला असता पहिला साचा नेहमी पुरुषाचाच का निघतो, ह्याचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत नाही. ज्यांनी मनावर घेतले त्यांस ते साधलेही. २०११ सालच्या 'स्कायरिम' ह्या खेळात व्हाइटरन नगरात शिरताच भट्टीपाशी एड्रिअन ही लोहारीण भेटते. नगरातील सर्वांत निष्णात लोहार आपण नव्हे, हे ती स्वतःच सांगते. ती न वीरांगना, न मोहिनी. पोलाद ठोकणारी एक कारागीर, एवढेच. आम्हांस ती फार आवडली.

कारण खरी मेख येथेच आहे. खेळणारीला नायिका निवडता येते. शेजारीण निवडता येत नाही. सर्व गाव पुरुषांचे आणि त्यात एकटीच शूर स्त्री, असे चित्र पुनःपुन्हा पाहणाऱ्या मुलीस शौर्य मिळते खरे, पण ते अपवाद म्हणून मिळते. आणि अपवादाला आपले असणे रोज नव्याने सिद्ध करावे लागते. पुरुषाला शूर असण्याचा तसाच सामान्य असण्याचाही हक्क आहे. त्याने पहाऱ्यावर पेंगावे, मापात मारावे, लढाईतून पळ काढावा. त्यावरून कोणी पुरुषजातीचे मोजमाप करीत नाही. अशी सामान्यपणाची मोकळीक स्त्रीस नायिकापदाने मिळावयाची नाही. ती गर्दीत जागा झाल्यानेच मिळेल. तेव्हा खेळ रचणारांस आमची एवढीच विनंती की, आणखी एक राणी नसली तरी चालेल; वेशीवर जांभया देणाऱ्या पहारेकऱ्यांत दोघीचौघी बायका असू द्याव्यात.